आधी हात मोजा, मग नग

कुडाळ स्टेशनवर गाडी जेमतेम दोन-तीन मिनिटं थांबते. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही सहा जण तिथे उतरलो. सासू-सासरे, आम्ही दोघं, नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. मुक्काम मालवणात, पाच दिवसांचा. सामानाचे नग होते चौदा. गाडी सुटली, आम्ही प्लॅटफॉर्मवर नग मोजले आणि ते तेरा भरले. राहिलेल्या पिशवीत सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या होत्या.

गोळ्या दुसऱ्या दिवशी सकाळी मालवणच्या बाजारात मिळाल्या. पण मला त्या दिवसातली दुसरीच गोष्ट जास्त आठवते. त्या दोन मिनिटांत माझे दोन्ही हात पिशव्यांत अडकले होते आणि मुलगा डब्याच्या दारात एकटा उभा होता. त्याला एका अनोळखी सहप्रवाशाने उचलून खाली घेतलं. तेव्हापासून आमच्या घरात प्रवासाचा एकच पक्का नियम आहे: चढताना आणि उतरताना प्रत्येक मोठ्या माणसाचा एक हात रिकामा असला पाहिजे. तो हात मुलाचा हात धरायला, म्हाताऱ्या माणसाला आधार द्यायला, दांडी पकडायला असतो. सामान किती न्यायचं हे त्या रिकाम्या हातावरून ठरतं.

हिशेब हातांचा

रेल्वेच्या नियमाप्रमाणे स्लीपर आणि थ्री टियर एसीच्या प्रवाशाला प्रत्येकी ४० किलो सामान मोफत नेता येतं. टू टियर एसीला ही मर्यादा ५० किलो आहे. म्हणजे आम्हा चार मोठ्यांना मिळून १६० किलोची मुभा होती. पण मुभा आहे म्हणून तेवढं उचलता येतं असं नाही. दोन मिनिटांत किती उचलून खाली ठेवता येईल, हा खरा प्रश्न.

म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी कागद घ्या आणि सामानाची यादी करण्यापूर्वी हातांची यादी करा. आमचा हिशेब असा बसला. सासऱ्यांचा एक हात दांडीला, म्हणून त्यांच्याकडे खांद्याला अडकवायची छोटी पिशवी. सासूबाईंकडेही तशीच. आम्हा दोघांच्या पाठीवर एकेक सॅक आणि एका हातात एकेक मोठी बॅग. मुलीच्या पाठीवर तिची सॅक. मुलाकडे काही नाही. झाले सात नग. चौदाचे सात करताना काही फार सोसावं लागलं नाही. जे घरी राहिलं त्याची आठवणही झाली नाही.

नग ठरले की ते वाढवायचे नाहीत. ऐन निघताना हातात येणारी ‘एवढीशी’ प्लास्टिकची पिशवी हीच गाडीत राहते, कारण तिचा हिशेब कुणाच्याच डोक्यात नसतो. चपला, पाण्याची बाटली, वर्तमानपत्र, छत्री, जे काही असेल ते सातांपैकी एका नगाच्या आत गेलं पाहिजे. बाहेर लटकवलेली वस्तू हाही एक नगच समजा.

बॅग नवी घ्यायची असेल तर आकार लहान घ्या. मोठ्या बॅगेचा दोष असा, की ती अर्धी रिकामी दिसली तर आपल्याला चैन पडत नाही, आपण ती भरतो. वीस-बावीस इंची, मऊ कापडाची बॅग खालच्या बर्थखाली सहज सरकते आणि रिक्षाच्या मागच्या जागेतही मावते. रंग उठून दिसणारा असावा किंवा तिच्या मुठीला जुन्या साडीच्या काठाची पट्टी बांधावी. गर्दीत आपली बॅग चटकन ओळखू येते.

दिंडीकडून घेतलेला धडा

आळंदीहून पंढरपूरला चालत जाणारे वारकरी सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट तुडवतात. त्यांच्या सामानाची व्यवस्था नीट पाहिली तर आपल्याला वेगळं काही शिकायला नको. प्रत्येकाच्या सामानाचे दोन भाग असतात. कपडे आणि वळकटी दिंडीच्या ट्रकमध्ये, तिच्यावर नाव घातलेलं. अंगावर फक्त खांद्याची पिशवी: पाणी, टाळ, पावसासाठी प्लास्टिकचा कागद, थोडं खाणं, औषध. दिवसभर ट्रकमधल्या सामानाला हात लागत नाही आणि त्यावाचून कुणाचं अडतही नाही.

घरच्या प्रवासातही सामानाचे हेच दोन भाग करा. दोन मोठ्या बॅगा म्हणजे आपला ट्रक. त्या घरातून निघाल्यापासून मुक्कामी पोहोचेपर्यंत उघडायच्याच नाहीत. गाडीत जे जे लागेल ते सगळं पाठीवरच्या आणि खांद्यावरच्या पिशव्यांत. रात्री गाडीत मुलाला थंडी वाजली आणि शाल मोठ्या बॅगेच्या तळाशी आहे, असं झालं की बर्थखालून सगळं सामान बाहेर येतं, अर्धं आत जातं आणि नेमकी तिथेच वस्तू हरवते.

दोन्ही मोठ्या बॅगांमध्ये प्रत्येकाचे थोडे थोडे कपडे विभागून ठेवले तर एक बॅग हरवली तरी कुणी कपड्यांवाचून राहत नाही. प्रत्येक माणसाच्या कपड्यांसाठी एक कापडी पिशवी करा. जुन्या उशीचे अभ्रे यासाठी उत्तम. आजोबांचा निळा, आजींचा फुलाफुलांचा, मुलाचा हत्तीचा. शर्ट शोधायला सगळी बॅग उपसावी लागत नाही, आणि चार वर्षांचं मूलही आपली पिशवी ओळखून आणून देतं.

कपडे: अंगावर एक, पिशवीत दोन

सामान वाढतं ते मुख्यतः कपड्यांनी, आणि कपडे वाढतात ते ‘असू दे, लागलंच तर’ या चार शब्दांनी. पाच दिवसांसाठी मोठ्यांना तीन जोड पुरतात: एक अंगावर, एक पिशवीत, एक वाळत. लहान मुलांना एक-दोन जास्त. आतले कपडे मात्र चार-पाच घ्यावेत, त्यात काटकसर नको. संध्याकाळी आंघोळीबरोबर कपडे धुऊन पंख्याखाली टाकले की पातळ सुती किंवा मिश्र धाग्याचा कपडा सकाळपर्यंत वाळतो. यासाठी दोन मीटर नायलॉनची दोरी, सहा चिमटे आणि कपड्याच्या साबणाची एक वडी एवढंच लागतं.

जीन्स नेऊ नका. एक जोडी अर्धा-पाऊण किलोची असते, आणि कोकणच्या दमट हवेत भिजली की दोन-दोन दिवस वाळत नाही. तीच गोष्ट टर्किश टॉवेलची. सहा टॉवेल म्हणजे अडीच-तीन किलो वजन आणि अर्धी बॅग. त्याऐवजी प्रत्येकी एक पंचा घ्या. अंग पुसून होतं, उन्हात डोक्याला गुंडाळता येतो, गाडीत उशीवर टाकता येतो, किनाऱ्यावर मुलाला त्यात लपेटता येतं, आणि पिळून टाकला की तासा-दोन तासांत वाळतो. इतकी कामं करणारी इतकी हलकी वस्तू बाजारात दुसरी नाही.

चपलांचं एकच पथ्य. पायात एक जोड, पिशवीत दुसरा. समुद्रावर आणि होडीत चढउतार करताना भिजली तरी चालेल अशी रबरी चप्पल असावी. जड बूट असतील तर ते प्रवासात पायात घालावेत, बॅगेत नाही.

पावसाळ्यात हे गणित थोडं बदलतं. कपडे वाळत नाहीत, म्हणून एक जोड वाढवा. पण मग जाड कपडा अगदीच टाळा.

जे तिथे मिळणार नाही, ते आधी

प्रत्येक वस्तू बॅगेत ठेवताना एक प्रश्न विचारा: लागलीच तर ही तिथे मिळेल का? टूथपेस्ट मालवणातही मिळते, सावंतवाडीतही मिळते. साबण, बिस्किटं, मच्छर पळवणारी अगरबत्ती, सगळं मिळतं. मिळत नाही ते वेगळंच असतं: आजोबांचा जादा चष्मा, आजींच्या कवळीची डबी, मुलीच्या दम्याचा पंप, आणि ज्याशिवाय मुलाला झोप येत नाही ती त्याची मऊ चौघडी. या वस्तू यादीत सगळ्यात वर लिहा. त्यांना जागा पुरली की मग बाकीच्यांचा विचार करा.

औषधांची पिशवी तर कधीही मोठ्या बॅगेत ठेवू नये. रोजच्या गोळ्या जितके दिवस प्रवास तितक्या, वर दोन दिवसांच्या जास्त. गोळ्या मूळ पाकिटातच ठेवाव्यात, म्हणजे नाव आणि मुदत दिसते. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये असावा. निम्म्या गोळ्या एका पिशवीत, निम्म्या दुसऱ्या माणसाकडे, एवढं केलं असतं तर त्या रात्री आमची झोप उडाली नसती.

इन्सुलिन घेणारं कुणी असेल तर त्याची जास्त काळजी घ्यावी लागते. वापरात असलेलं इन्सुलिन साधारणपणे ३० अंशांच्या आत काही आठवडे टिकतं, पण ते उन्हात तापलेल्या मोटारीत ठेवू नये आणि बर्फाला चिकटूनही ठेवू नये. गोठलं की ते निकामी होतं. आपल्या प्रकाराबद्दल निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून घ्या.

बाकी किरकोळ औषधं मूठभर पुरतात: पॅरासिटामॉल, ओआरएसची चार पाकिटं, जखमेवरची पट्टी, जंतुनाशक मलम. ओआरएस संपलं तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चहाच्या लहान चमच्याने मोजून. हे प्रमाण कागदावर लिहून औषधांच्या पिशवीतच ठेवा. गाडी लागणारं कुणी असेल तर घाट सुरू होण्याच्या आधी गोळी द्यावी लागते, उलटी झाल्यावर देऊन उपयोग नसतो. त्या माणसाच्या खिशात आवळासुपारी आणि हाताशी दोन जाड कागदी पिशव्या असू द्याव्यात.

शिदोरी वाटेत संपणारी हवी

प्रवासाचं खाणं घरचंच असावं, या मताची मी आहे. पण ते मुक्कामी पोहोचेपर्यंत संपलं पाहिजे. आपल्या आज्यांना हे नेमकं माहीत होतं. दशमीचं पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवलेलं असल्यामुळे ती मऊ राहते. तिच्याबरोबर शेंगदाण्याची किंवा तिळाची कोरडी चटणी, थोडा गूळ. तिखटमिठाच्या पुऱ्या, मेथीचे ठेपले, भडंग. यात काही सांडत नाही, चमचा लागत नाही. रश्श्याची भाजी, ताक, पातळ चटणी घरीच राहू द्या.

डब्यांच्या ऐवजी केळीच्या पानात किंवा स्वच्छ सुती फडक्यात बांधलेलं खाणं न्या. खाणं संपलं की फडकं घडी करून ठेवता येतं आणि पिशवी रिकामी होते. स्टीलचे डबे न्यायचेच असतील तर एकात एक बसणारे घ्या. पाण्याची बाटली प्रत्येकाची वेगळी, मुलांची अर्ध्या लिटरची. सगळ्यांसाठी मिळून पाच लिटरचा कॅन उचलणं म्हणजे पाच किलोचा आणखी एक नग.

मुलांची सॅक मुलांनी भरावी

शाळेच्या दप्तराबद्दल २०२०च्या राष्ट्रीय धोरणात म्हटलं आहे, की दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त नसावं. प्रवासालाही हेच माप लावा. २५ किलोच्या मुलीच्या पाठीवर अडीच किलो, त्यात पाण्याची बाटली धरून.

तेवढ्यात काय न्यायचं हे तिला ठरवू द्या. आमच्या मुलीने पहिल्या वेळी रंगांचा मोठा डबा, तीन पुस्तकं आणि बाहुली असं सगळं भरलं. वजनकाट्यावर सॅक चार किलो भरली. मी काहीच काढलं नाही. तिलाच सॅक पाठीवर घेऊन जिने चढ-उतर करायला सांगितलं. तिसऱ्या मजल्यावरून परत आल्यावर तिने स्वतःच दोन पुस्तकं आणि रंगांचा डबा बाजूला ठेवला, आणि पत्त्यांचा कॅट घेतला. गाडीत त्या पत्त्यांनी आजोबांसह सगळ्यांना चार तास रमवलं.

चार-पाच वर्षांच्या मुलाच्या खिशात एक चिठ्ठी ठेवा: मुलाचं नाव आणि दोन मोठ्यांचे फोन नंबर. गर्दीत हात सुटला तर पहिली चिंता तिथेच मिटते. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८, रेल्वेची १३९ आणि तातडीची ११२, हे तीन क्रमांक मोठ्या मुलांना पाठ असावेत.

कागद एकाच जागी, माहिती दोघांकडे

ई-तिकिटावर प्रवास करताना तिकिटावरच्या प्रवाशांपैकी किमान एकाकडे मूळ ओळखपत्र असावं लागतं. ओळखपत्रं, तिकिटांची छापील प्रत, मुक्कामाच्या जागेचा पत्ता आणि फोन, हे सगळं एका चेनच्या पाकिटात घालून एकाच माणसाकडे द्या. फोनची बॅटरी संपली तरी पत्ता कागदावर असतो. डिजिलॉकरमध्ये कागदपत्रं आधीच उतरवून घ्या. रोख रकमेचे मात्र दोन भाग करा आणि ते दोन माणसांकडे ठेवा. गावाकडच्या होडीवाल्याला आणि शहाळंवाल्याला देण्यासाठी सुटे पैसे वेगळे असू द्या.

चार्जरचा गुंता टाळायला सगळ्या फोनना चालणारा, दोन-तीन तोंडांचा एकच चार्जर आणि एक लहान एक्स्टेन्शन बोर्ड पुरतो.

मुक्कामी चार जागा

नीट भरलेलं सामान मुक्कामी पोहोचल्यावर तासाभरात पसरतं. ते टाळायचं तर खोलीत शिरताच, कुणी पलंगावर आडवं होण्याआधी, चार जागा ठरवा: किल्ली आणि पाकिटाची, चार्जिंगची, ओल्या कपड्यांची आणि चपलांची. या चार जागा सोडून बाकी सगळं बॅगेतच राहील. वाळूने भरलेले कपडे खोलीत येण्याआधी बाहेरच्या नळावर झटकून घ्यायचे. मळलेल्या कपड्यांसाठी एक वेगळा अभ्रा आधीच ठेवा, म्हणजे परतीला निवडानिवड उरत नाही.

किल्ला पाहायला किंवा किनाऱ्यावर जाताना एकच सॅक न्या. सिंधुदुर्ग किल्ल्याला होडीतून जावं लागतं, तेव्हा फोन आणि पैसे घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत हवेत. सॅकमध्ये पाणी, टोप्या, एक पंचा, मुलाचा एक जादा जोड, थोडं खाणं, एवढंच.

खोली सोडताना आम्ही पाच जागा मोठ्याने नाव घेऊन तपासतो: बाथरूमच्या दारामागची खुंटी, उशीखाली, पलंगाखाली, चार्जिंगचा बोर्ड, फ्रिज. हे काम मुलीकडे आहे. तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

परतीची जागा

कोकणातून रिकाम्या हाताने कुणी परत येत नाही. आमसुलं, काजू, फणसपोळी, मालवणी खाजं, कुणीतरी प्रेमाने दिलेले चार नारळ. म्हणून जाताना प्रत्येक मोठ्या बॅगेचा पाव भाग रिकामा ठेवा. शिदोरीची पिशवीही तोवर मोकळी झालेली असते. नगांची संख्या जाताना सात, तर येतानाही सातच.

गोव्यातल्या मोपा विमानतळावरून विमानाने परतणार असाल तर काही गोष्टी लक्षात ठेवा. देशांतर्गत प्रवासात बहुतेक विमान कंपन्या साध्या तिकिटावर १५ किलो सामान आणि हातात ७ किलो नेऊ देतात. पॉवर बँक हातातल्या पिशवीतच लागते, मोठ्या बॅगेत चालत नाही. सुकं खोबरं मोठ्या बॅगेतून नेता येत नाही, कारण तेलामुळे ते पेट घेणाऱ्या पदार्थांत मोडतं. कोकमाच्या आगळाची बाटली हातातल्या सामानात अडवली जाऊ शकते. ती घट्ट बांधून मोठ्या बॅगेतच ठेवावी.

ओझं लक्षात ठेवण्याचंही असतं

आपल्याकडे सामान उचलायला घरातले सगळे असतात, पण ते लक्षात ठेवायला बहुतेक घरांत एकच बाई असते. कुणाचा मोजा कुठे, कुणाची गोळी किती वाजता, चार्जर कुणी काढला, हे सगळं तिच्या डोक्यात. प्रवास संपतो तेव्हा सगळे ताजेतवाने आणि ती थकलेली असते. सामान हलकं करायचं तर हे ओझंही वाटून घेतलं पाहिजे. दहा वर्षांपुढच्या प्रत्येकाने आपली पिशवी आपण भरावी. मोजे विसरले तर विसरले, दुकानातून घेता येतात. औषधं एकाकडे, कागदपत्रं दुसऱ्याकडे, खाणं तिसऱ्याकडे. आमच्याकडे सासरेच आता त्यांच्या गोळ्यांचा हिशेब ठेवतात आणि त्यात त्यांची चूक होत नाही.

घरी परतल्यावर दोन दिवसांच्या आत एक शेवटचं काम करा. बॅग रिकामी करताना न वापरलेल्या वस्तूंचा वेगळा ढीग घाला आणि त्यांची नावं वहीत लिहा. शेजारी ज्याची उणीव भासली तेही लिहा. पहिल्या वर्षी आमच्या यादीत एकवीस न वापरलेल्या वस्तू होत्या, गेल्या वर्षी चार. पुढच्या प्रवासाची यादी करायला या वहीसारखा दुसरा जाणकार नाही.

यंदा सुट्टीला निघाल तेव्हा कुलूप लावण्याआधी दारात एक मिनिट थांबा. सगळ्यांना आपापलं सामान उचलून उभं राहायला सांगा आणि बघा, प्रत्येक मोठ्याचा एक हात रिकामा आहे का. नसेल तर एक नग उघडा, त्यातलं काहीतरी घरात ठेवा आणि मगच जिना उतरा.